मोरकड्याच्या पायथ्याशी उरलेला खडा

रविवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळचे सव्वासात. ठिकाण : मोरकड्याच्या पायथ्याचा धनगरवाडा, माणगावपासून गाडीने पाऊण तास.

हजर : न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डातले सतरा जण, नंबर एक ते सतरा. किहीमच्या सुलभाताई, अठरा. माझी जोडीदार रेश्मा, एकोणीस. वाड्यावरचे धोंडूबाबा, वीस. मी, एकवीस.

गैरहजर : कोणी नाही.

वहीतलं पान जसंच्या तसं उतरवलं आहे. ‘गैरहजर : कोणी नाही’ ही ओळ त्या दिवशी मी चारदा लिहिली. पहिल्यांदा ती खरी होती.

डोंगरवाटा दाखवणं हा माझा धंदा. आमच्या बाजूचे डोंगर उंचीने फार नाहीत. पण रान दाट, वाटा बारीक, आणि मधेच कातळ आडवा येतो. अर्धा दिवस पायांनी चालायचं आणि घटकाभर हातापायांनी चढायचं, असा हा प्रकार. या धंद्यात मी कशी आले, घरचे काय म्हणाले, ते लिहीत बसत नाही. काम काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही नुसते पुढे चालतो.

पावसाळा संपला की प्रत्येक वाट पुन्हा पहिल्यापासून बघावी लागते. कुठे दरड आलेली असते, कुठे कारवी वाढून वाट गिळलेली असते, मागच्या वर्षीचा भरवशाचा दगड या वर्षी हलत असतो. मग कोयता घेऊन वाट मोकळी करायची, दोर तपासायचे, वळणावळणावर पांढऱ्या रंगाने बाण काढायचे. मोरकड्यावर असे त्रेचाळीस बाण मी स्वतः काढलेले आहेत. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, माणसांना अंतर ठेवून सोडायचं. कातळावर एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायला लावायचा, बाकीचे तीन चिकटलेले. आणि मोजायचं. निघताना, माथ्यावरून उतरताना, पायथ्याला.

मोजायची सवय वडिलांची. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि हजेरीपटावर त्यांचा इतका जीव की रविवारी घरात आमचीही हजेरी व्हायची. माझ्याकडे चौतीस कलमांची यादी आहे. प्रत्येक कलमामागे एक माणूस आहे. कलम अकरा, सुरी. एक गृहस्थ माथ्यावर कापून खायचं म्हणून घरून अख्खं कलिंगड घेऊन आले होते. पहिल्याच कातळाशी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी ते पाठीवर बांधून वर नेलं, आणि वर गेल्यावर कळलं की सुरी घरीच राहिली आहे. कलम सतरा, पाण्याची जादा बाटली. एक नवं लग्न झालेलं जोडपं चढतानाच भांडलं. एका बाटलीतून पाणी प्यायचं नाही इतकं भांडलं. दिवसभर मी दोघांच्या मधे चालले, याची बाटली तिला आणि तिचा निरोप याला.

हसण्यावारी नेतात लोक ही यादी. पण इतकी वर्षं झाली, मी वर नेलेला एकही माणूस वर राहिलेला नाही. हे मी अभिमानानेच लिहिते आहे.

आता धोंडूबाबा. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायात टायरच्या चपला, हातात काठी. मोरकड्यावर ज्या वाटा मी शोधून काढल्या असं मला वाटायचं, त्या सगळ्यांवरून त्यांच्या म्हशी आधीच जाऊन आलेल्या होत्या. माझ्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता. माणसं तोंडाने मोजली की नजर लागते, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांचा वीस नंबर ते स्वतः कधी ओरडायचे नाहीत. एकोणीस झाल्यावर रेश्माच ‘वीस’ही म्हणून टाकायची. मला ते चालत होतं. चालायला नको होतं, हे नंतर कळलं.

वाड्याच्या वर, वाट रानात शिरते तिथे वाघजाईची जागा आहे. देऊळ नाही. एका जांभळाखाली शेंदूर लावलेला दगड आणि समोर एक सपाट कातळ. वाड्याची रीत अशी की रानात जाणाऱ्याने त्या कातळावर एक खडा ठेवायचा आणि परत आल्यावर एक खडा उचलून टाकायचा. मग कातळ पुन्हा मोकळा. आमच्याबरोबर आलेले पाहुणेही हौसेने ठेवतात, फोटो काढतात.

मी ठेवत नसे. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव्हारा उतरवला तो उतरवलाच. बाबांनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, “बाय, तुजा खडा?” मी म्हटलं, “बाबा, आमच्यात नाही.” ते “बरं” म्हणाले आणि पुढे चालू लागले. तो विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले.

त्या रविवारची मंडळी झकास होती. यार्डातली सगळी माणसं दणकट, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, आणि तोंडं अखंड चालू. चौदा नंबर हरेश. पंचेचाळिशीचा, मिठागरवाल्या घरातला, यार्डात मोठ्या क्रेनवर बसणारा, गटातला एकटाच गप्प माणूस. पंधरा नंबर त्याचा दोस्त, पक्या. हा दोघांचं मिळून बोलायचा.

“मॅडम, वर नेटवर्क येतंय काय?”

“नाही.”

“मग बायकोला काय सांगू, पोचलो म्हणून?”

“परत आलास की सांग. पोचण्यापेक्षा तेच महत्त्वाचं.”

सुलभाताई मागून म्हणाल्या, “तिला आजचा दिवस शांतता मिळू दे रे.” या बाई बासष्ट वर्षांच्या. किहीमला नारळाची वाडी आणि चार खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय. दर डिसेंबरला एकट्या येतात, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन येतात आणि पंचविशीतल्या पोरांना चढावर मागे टाकतात.

माथ्यावर साडेअकराला पोचलो. जेवण झालं. पाऊण वाजता उतरायच्या तोंडाशी मी सगळ्यांना उभं केलं आणि हजेरी घेतली. मान खाली, वही हातात, प्रत्येक आकड्याला एक टिंब. एक, दोन, तीन... तेरा, चौदा, पंधरा... एकवीस. टिंबं पूर्ण. ओळ लिहिली. सगळ्यात शेवटी रेश्मा चालते, तिच्या मागे कोणी राहायचं नाही, हा नियम. हजेरी भरली म्हणून तीही निघाली.

तीनच्या सुमाराला पायथ्याशी आलो. काही जण वाड्यावरच्या हातपंपावर तोंड धूत होते, काही बूट काढून बसले होते. मी आहे तिथून नंबर ओरडायला लावले. पुन्हा एक ते एकवीस. पुन्हा ओळ लिहिली, वही मिटली, चहाचं बघायला वळले.

धोंडूबाबा आमच्या आधी उतरून वाघजाईच्या कातळाशी बसले होते. ते उठले नव्हते.

“बाबा, चला, चहा.”

“एक खडा हाय.”

“कोणीतरी उचलायला विसरला असेल.”

“न्हाय. मी हितंच बसलोय. येनारा परत्येक जन माज्या डोळ्यांसमोर उचलून गेला.”

मला थोडा रागच आला. दोनदा मोजलं होतं. मी म्हटलं, “बाबा, तुमचा आणि माझा हिशोब जुळायचाच नाही. मी खडा ठेवत नाही ना. माणसं एकवीस, खडे वीस.”

चुकलेल्या वासराकडे बघावं तसं बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“खडे एकवीसच व्हते. तुजा मी ठेवतो.”

“कधीपासून?”

“तू यायला लागलीस तवापासून. आन मीच उचलतो. आज बी उचलला. ह्यो तुजा न्हाय.”

हे ऐकून काय वाटलं ते तेव्हा बघायला वेळच नव्हता. मी वही न उघडता वळले आणि पहिल्यांदा माणसांकडे बघून मोजलं. निळे टी-शर्ट सोळा. पुन्हा मोजले. सोळा.

“चौदा नंबर कोण?” मी ओरडले.

मग पक्या उभा राहिला. त्याच्या खांद्यावर दोन सॅक होत्या. माथ्यापासून इथपर्यंत तो दोन सॅक घेऊन माझ्यासमोर चालत आला होता आणि मी त्या पाहिल्या नव्हत्या.

“मॅडम, चौदा मीच बोललो.”

“का?”

“हरेश झाडीत गेला होता. दोन मिनटांत येतो बोलला, बॅग धर बोलला. तेवढ्यात तुमची हजेरी चालू झाली. आमच्याकडे असंच असतं मॅडम, कोण चहाला गेला तर दुसरा त्याची हजेरी लावतो. मना वाटला तो मागून येल.”

“आणि इथे? इथे पुन्हा का बोललास?”

“मना वाटला पंपावर असल.” त्याचा आवाज बारीक झाला. “आन बाबांचा नंबर बी त्या ताईच बोलतात ना. म्हटलं, चालतंय.”

मी घड्याळ बघितलं.

तीन वाजून दहा मिनिटं. डिसेंबरात सहाला उजेड संपतो, रानात त्याआधीच. हरेशची बाटली आणि शिट्टी दोन्ही पक्याच्या खांद्यावरच्या सॅकमध्ये. शिट्टी हे माझ्या यादीतलं तिसरं कलम आहे. प्रत्येकाला देते आणि गळ्यात घाला म्हणून सांगते. त्याने सॅकला अडकवली होती.

सुलभाताईंनी माझ्या हातातली वही काढून घेतली. “मी बसते यांना धरून. एकालाही हलू देत नाही. तुम्ही निघा.” वड्यांचा डबाही त्यांनीच सॅकमध्ये कोंबला. पक्या बरोबर येतो म्हणू लागला. मी नाही म्हटलं. एकाला शोधताना दुसरा हरवणं, हे या धंद्यात नवीन नाही. तो कातळावर त्या खड्यासमोर जाऊन बसला.

मी, रेश्मा आणि बाबा निघालो. दोर रेश्माकडे. हाका मारत, थांबून ऐकत, चाळीस मिनिटांत खिंडीत पोचलो. इथे दोन वाटा होतात. एक आमची, डावीकडे उतरणारी. दुसरी ढोरवाट, म्हणजे गुरांनी पाडलेली. ती उजवीकडे जाते. बाबा वाकून गवत बघू लागले. मी माझा बाण बघितला. अठ्ठावीस नंबरचा, ठळक, पांढराशुभ्र, गेल्याच महिन्यात रंग दिलेला. मनात म्हटलं, एवढा मोठा बाण असताना माणूस चुकेल कसा?

मग मी दहा पावलं वर गेले आणि वळून, उतरणाऱ्या माणसासारखी उभी राहिले.

बाण नव्हता. दगडाची करडी पाठ तेवढी दिसत होती. आमची वाट बारीक, कारवीत गडप होणारी. आणि उजवीकडे म्हशींनी तुडवून केलेली रुंद, स्वच्छ, बोलावणारी वाट. मीसुद्धा उजवीकडेच गेले असते.

त्रेचाळीस बाण मी चढता चढता काढले होते. रंगाचा डबा घेऊन वर जाताना दगडाची जी बाजू समोर येते तिच्यावर. उतरताना लोकांबरोबर मी असतेच, त्यामुळे उतरणाऱ्याला काय दिसतं हे बघायची वेळ कधी आली नव्हती. चौतीस कलमांची यादी ठेवणाऱ्या बाईच्या हातून ही चूक इतकी वर्षं होत होती.

“ह्यानं गेलाय,” बाबा म्हणाले. गवत दबलेलं होतं. “ही वाट कुंडापाशी संपते. म्होरं काय न्हाय.”

पुढे काय नाही म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पावसाळ्यात तिथून धबधबा पडतो.

बाबांनी तोंडाशी हात धरून गुरांना घालतात तशी लांबलचक हाक घातली. दुसऱ्या हाकेला खालून उत्तर आलं. बारीक, पण आलं.

“ढोरावानी लगेच ओ दिली,” बाबा म्हणाले. “बरं मानूस हाय.”

ढोरवाट कुंडाशी संपते तिथे दोन पुरुष उंचीचा एक कातळ खाली उतरतो. त्याच्या खाली दोन खाटा मावतील एवढी जागा, तिच्यावर सुटी खडी, आणि मग कडा. हरेश त्या जागेवर उंबराच्या मुळीला धरून बसला होता. खाली वाड्याची घरं दिसली म्हणून तो बसून घसरत कातळ उतरला होता. उतरल्यावर पुढे वाट नाही हे कळलं आणि मागे चढता येईना. माझ्या शिकवणीतलं पहिलं वाक्य हेच असतं : जिथून परत चढता येणार नाही तिथे उतरू नका. घसरून खाली जाणं कोणालाही जमतं.

“हरेशदादा, लागलंय का कुठे?”

“हाताला खरचटलंय. मी हलत नाय, मॅडम. पाय टाकला की खडी चालतेय.”

“हलू नकाच. सकाळपासूनचं सगळ्यात शहाणपणाचं काम तुम्ही केलंय.”

रेश्माने दोर वरच्या ऐनाच्या बुंध्याला बांधला. मी स्वतःला अडकवून खाली उतरले. आधी पाणी दिलं, मग दोन वड्या. दुसरी वडी संपेपर्यंत मी त्याला उठवलं नाही. कंबरेला पट्टा बांधला, गाठ दोनदा तपासली, त्यालाही तपासायला लावली. मग एकेक सांगत गेले. उजवा हात त्या भेगेत. डावा पाय गुडघ्याच्या उंचीला, तिथे खोबण आहे. कातळाला मिठी मारू नका, जरा लांब राहा म्हणजे पाय दिसतील. वर रेश्मा दोराची ढील ओढून घेत होती, तिच्या मागे बाबा दोराचं टोक कंबरेला गुंडाळून बसले होते.

मधेच तो थांबला. पाय सापडेना.

“मॅडम, सोडणार नाय ना वरून?”

वरून बाबा ओरडले, “सोडाया काय तू म्हस हायस? चढ गुमान!”

हरेश हसला. हसल्यावर त्याचा श्वास मोकळा झाला, आणि पाय आपोआप खोबणीत गेला. वर पोचून तो ऐनाला टेकून बसला आणि म्हणाला, “रोज चाळीस फुटी डबा उचलतो मी. खाली उभं राहणाऱ्यांना ओरडतो, लांब व्हा. आज डबा मीच.”

मला त्या कातळावरच्या पंधरा मिनिटांचा अभिमान आहे. दोर बरोबर होता, गाठ बरोबर होती, रेश्माचा हात एकदाही चुकला नाही. आणि त्याआधीच्या अडीच तासांची लाज आहे. दोन्ही एकाच वहीत आहेत, एकाच पानावर.

पावणेसहाला खाली आलो. अजून उजेड होता. पक्या खड्यासमोरच बसलेला. हरेशला बघून तो उठला, जवळ आला आणि त्याने आधी एक सणसणीत शिवी दिली, मग मिठी मारली.

“तुजी हजेरी मी परत कंदी लावनार नाय,” तो म्हणाला.

“यार्डात लाव रे,” हरेश म्हणाला. “हितं नको.”

सगळे हसले. हरेश कातळाशी गेला, खडा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि बाजूला टाकला. कातळ मोकळा झाला. सुलभाताईंनी वही माझ्यापुढे केली. मी ती ओळ चौथ्यांदा लिहिली.

मंडळी गाडीत बसली तेव्हा मी बाबांजवळ गेले. म्हटलं, “मला सांगायचं तरी होतंत. आमच्यात देवाला ठेवत नाहीत म्हणून मी—”

“देवाला कोन ठेवतंय?” बाबा म्हणाले. “खडा मानसासाटी हाय. रानात कोन ऱ्हायलं ते कळाया. तू पाया पड म्हनलं का मी?”

“नाही.”

“मंग?”

वडिलांचा हजेरीपट वेगळा काय होता? त्यांच्याकडे शाई होती, इथे खडे.

तेव्हापासून माझा खडा मी स्वतः ठेवते. हात जोडत नाही. पहिल्यांदा ठेवला तेव्हा बाबा म्हणाले, “चला, माजं येक काम कमी झालं.” आणि वीस नंबर ते अजूनही ओरडत नाहीत. मी त्यांच्याकडे बघते, ते काठी वर करतात, मग मी टिंब देते. बाकीच्यांचंही तसंच. नंबर ऐकू आला तरी चेहरा दिसल्याशिवाय टिंब नाही. हे कलम पस्तीस.

कलम छत्तीस, उतरते बाण. जानेवारीपासून काढायला घेतले. माथ्यावरून सुरुवात केली आणि खाली उतरत, प्रत्येक वळणावर थांबून, जे समोर दिसतं त्याच्यावर रंग दिला. हरेश तीन रविवार आला, डबा धरायला म्हणून. त्याला नेमकी नजर आहे. क्रेनच्या वरून खाली बघायची सवय. ‘मॅडम, हितनं दिसत नाय, जरा उजवीकडं,’ असं तो मला सांगायचा आणि मी ऐकायची. बेचाळीस बाण झाले.

राहिला तो अठ्ठावीस नंबरचा, खिंडीतला. तिथे उतरणाऱ्याच्या समोर एकही दगड येत नाही. झाडं आहेत, पण झाडाला रंग लावायचा नाही आणि खिळा ठोकायचा नाही, हा माझाच नियम. तेव्हा ढोरवाटेच्या तोंडाशी दगडांचा ढीग रचायचा असं ठरलं. वर जाणाऱ्या प्रत्येकाने पायथ्यापासून एक दगड न्यायचा आणि तिथे ठेवायचा. वाघजाईच्या कातळावरचा नाही, ओढ्यातला. बाबांनी ते आधीच बजावलं आहे.

पाऊस लागेपर्यंत ढीग गुडघ्याएवढा झाला होता. परवा वर जाऊन आले. खिंडीत या वर्षी गवत कंबरेएवढं आहे. उतरणारी होऊन दहा पावलांवर उभी राहिले आणि बघितलं. ढीग दिसत नाही.

अजून हातभर तरी वर जायला हवा.